सर, ड्राफ्ट मागू नका

प्रति,
मुंबईतल्या वैद्यकीय महाविद्यालयांमधले विभागप्रमुख, प्राध्यापक आणि अधिव्याख्याते

सर, मॅडम,

सा. न. वि. वि.

तुमच्यापैकी काहींची मी विद्यार्थिनी. एमबीबीएस झालं, इंटर्नशिप झाली, आणि येत्या ऑगस्टमध्ये मी अमेरिकेला इम्युनॉलॉजीत, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीच्या शास्त्रात, पीएचडी करायला निघाले आहे. रेसिडेन्सीला, म्हणजे तिकडे डॉक्टरकी करण्यासाठीच्या प्रशिक्षणाला, नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गेली अडीच वर्षं मला हे दिवसातून एकदा तरी सांगावं लागतं. वॉर्डात कुणापाशी 'अमेरिकेला अर्ज करतेय' असं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, 'स्टेप वन झाली का?' ती रेसिडेन्सीसाठीची परीक्षा. डोंबिवलीच्या काकांचा प्रश्न त्याहून सरळ होता. ते म्हणाले, 'अगं, डॉक्टर आहेसच की! मग परत डॉक्टर व्हायला एवढ्या लांब कशाला?' काकांना समजावणं त्यातल्या त्यात सोपं गेलं.

पत्र लिहायचं कारण एकच आहे. शिफारसपत्र. तुम्ही ज्याला एलओआर म्हणता ते.

सरावाचं असल्यामुळे हे प्रकरण तुम्हाला किरकोळ वाटत असेल. मलाही वाटायचं. पण तिकडच्या अर्जात आमच्या बाजूने बोलणारं दुसरं काही उरतच नाही. बायोमेडिकलच्या बऱ्याच विभागांनी २०१७-१८ नंतर जीआरई ही प्रवेशपरीक्षा मागणं एकापाठोपाठ सोडून दिलं. बायोकेमिस्ट्री आणि बायोलॉजीच्या सब्जेक्ट जीआरई तर बंदच झाल्या. टोफेल चांगली गेली तर इंग्रजी येतं एवढंच ठरतं. आपल्या मार्कांचा तिकडे कुणाला अंदाज येत नाही. आपल्याकडे ६५ टक्के म्हणजे बरा मुलगा, तिकडे शंभरात ६५ म्हणजे जेमतेम काठावर. तिथला पदवीचा मुलगा दोन-तीन उन्हाळे कुणाच्या ना कुणाच्या लॅबमध्ये घालवून आलेला असतो. आमचे उन्हाळे टर्मएंड आणि वॉर्ड ड्यूटीत गेलेले. एका फॉर्ममध्ये कॅल्क्युलस कधी शिकलात असा रकाना होता. मी गणित दहावीला सोडलं, बारावीला पीसीबी. तो रकाना मी तीन दिवस नुसता बघत होते.

त्यात आम्ही परदेशी. एनआयएच या तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या ट्रेनिंग ग्रँटवर अमेरिकी नागरिक आणि ग्रीनकार्डवालेच घेता येतात. आमच्यासारख्यांचा खर्च विभागाला नाहीतर गाइडला दुसरीकडून काढावा लागतो, म्हणून जागा मुळातच मोजक्या. आणि त्यातही आम्ही डॉक्टर! प्रवेश समितीच्या मनात पाल चुकचुकतेच, की ही बाई व्हिसा हातात पडला की दोन वर्षांत रेसिडेन्सीला पळणार. युरोपातली गोम वेगळी. तिथे बहुतेक ठिकाणी पीएचडीआधी मास्टर्स मागतात, आणि आपला साडेपाच वर्षांचा एमबीबीएस कागदावर नुसता बॅचलर्स दिसतो.

मग त्या समितीने माझ्यावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या जोरावर? मला काम करताना पाहिलेल्या तीन माणसांनी काय लिहिलंय, त्याच्या जोरावर.

आता माझ्या पहिल्या डिसेंबरची, म्हणजे अर्जांच्या मुदतीच्या महिन्याची, गोष्ट ऐका.

सकाळची ओपीडी, टेबलाभोवती पेशंटचा वेढा, सरांच्या एका हातात एक्स-रे. मी भीतभीत विचारलं. सरांनी मान वर न करता प्रेमाने सांगितलं, 'हो हो, अवश्य. ड्राफ्ट करून आण, सही करतो.' आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. दुसऱ्या सरांकडे गेले, तेच. तिसऱ्या मॅडमनी तर ड्रॉवरमधून पेनड्राइव्ह काढून दिला. त्यात मागच्या चार-पाच बॅचची पत्रं होती, फाइलचं नाव 'एलओआर फायनल फायनल २'. नाव बदलायचं, 'ही'चं 'शी' करायचं, झालं. एका ठिकाणी 'ही' तसाच राहिला. मराठीत 'ही' म्हणजे मीच, पण समितीला मराठी कुठे येतं?

त्या रात्री इंटर्न्सच्या खोलीत बसून मी तीन माणसांच्या तोंडून स्वतःची स्तुती लिहिली. पहिल्या पत्रात मी हार्डवर्किंग, सिन्सिअर आणि पंक्च्युअल होते. दुसऱ्यात डिलिजंट, डेडिकेटेड. तिसऱ्यापर्यंत विशेषणं आटली, म्हणून परत हार्डवर्किंगवर आले. सरांना शोभेल असं इंग्रजी जरा जड करावं म्हणून 'इट गिव्हज मी इमेन्स प्लेझर' टाकलं. त्या खोलीत आणखी दोघे तेच करत बसले होते. आम्ही एकमेकांची वाक्यं उसनी घेतली. एकाने विचारलं, 'तुझे सर तुला किती वर्षांपासून ओळखतात गं?' मी म्हटलं, 'चार लिहिलंय.' सरांनी आमच्या बॅचला घेतलेली लेक्चर्स होती तीन.

अर्जात एक प्रश्न असतो. हे पत्र वाचण्याचा तुमचा हक्क तुम्ही सोडता का? त्यांच्याकडे १९७४ चा कायदा आहे, त्यानुसार विद्यार्थ्याला स्वतःची कागदपत्रं पाहता येतात. तो हक्क सोडला की समितीला वाटतं, लिहिणाऱ्याने मोकळेपणाने लिहिलं असेल. मी तिन्ही पत्रांसाठी 'हक्क सोडते' वर टिक केली. ज्या पत्रातला स्वल्पविरामसुद्धा माझा, ते कधी वाचणार नाही असं लिहून दिलं!

पुढचा खेळ लिंकचा. पत्र पाठवायची लिंक शिक्षकांच्या ईमेलवर जाते, आणि त्यांनी स्वतः उघडून भरायची असते. त्यात नुसतं पत्र नसतं, तक्ता असतो. हा विद्यार्थी तुम्ही पाहिलेल्यांपैकी वरच्या एक टक्क्यात, पाच टक्क्यांत की दहा टक्क्यांत? एका सरांची लिंक स्पॅममध्ये पडली होती. त्यांनी मला खुर्ची दिली, पासवर्ड सांगितला आणि राउंडला निघून गेले. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री ११:५९ ची मुदत असते, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे १०:२९. तेव्हा ओपीडी ऐन भरात असते. दहा वाजून वीस मिनिटांनी मी सरांच्या खुर्चीत बसून स्वतःला वरच्या पाच टक्क्यांत घातलं. एक टक्का टाकायचा धीर झाला नाही.

आठ ठिकाणी अर्ज केले होते. एकेकाची फी ७५ ते १२५ डॉलर. तेव्हा इंटर्नचं विद्यावेतन महिन्याला ११ हजार रुपये होतं, त्यामुळे एका अर्जात अर्ध्या ते जवळपास एका महिन्याचं विद्यावेतन गेलं. मार्चपर्यंत आठही नकार आले. कारण कुणीच कळवत नाही.

मी बराच काळ त्यांनाच बोल लावला. मुंबईच्या कॉलेजची त्यांना काय किंमत, असं वाटायचं. मग एका रात्री ती तीन पत्रं मी परक्यासारखी वाचून काढली, आणि अंग चोरून बसले. तिन्हींत मी कुठेच नव्हते.

मला वाटतं, मूळ घोळ 'शिफारस' या शब्दातच आहे. आपल्या शहरात शिफारसपत्र म्हणजे नगरसेवकाच्या लेटरहेडवरच्या चार ओळी. 'सदर इसम माझ्या परिचयाचा असून त्याची वर्तणूक चांगली आहे. तरी त्यास सहकार्य करावे.' शाळेचा प्रवेश असो की इस्पितळातली खाट, त्या कागदाचं वजन सही कुणाची यावर ठरतं. मजकूर कुणी वाचत नाही, वाचायचा नसतोच. आम्हीही तेच करतो. विभागप्रमुखांची सही, कॉलेजचा शिक्का आणि जमलं तर पद्म पुरस्कार मिळालेल्या सरांचं लेटरहेड. पलीकडे मात्र असा एक माणूस बसलेला असतो, जो शिक्का बघतच नाही, मजकूर वाचतो.

याचा पुरावा मला दुसऱ्या वर्षी मिळाला. पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

सेकंड एमबीबीएसला असताना मी आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या एसटीएस योजनेत निवडली गेले होते. दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प, पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ही योजना १९७९ पासून चालू आहे. मायक्रोबायोलॉजीच्या एका मॅडमनी मला घेतलं. कंत्राटावरच्या असिस्टंट प्रोफेसर, त्यांना धड केबिनही नव्हती. काम होतं क्षयाच्या कल्चरचं, म्हणजे नमुन्यातले क्षयाचे जंतू वाढवून पाहण्याचं. थुंकीचा नमुना आला की आधी त्यावर सोडियम हायड्रॉक्साइडची प्रक्रिया करून बाकीचे जंतू मारायचे, मग द्रवमाध्यमाच्या नळीत घालून यंत्रात ठेवायचं. प्रक्रिया कमी वेळ झाली तर इतर जंतू माजतात आणि नळी वाया जाते, जास्त झाली तर क्षयाचे जंतूही मरतात. म्हणून घड्याळावर डोळा ठेवून उभं राहायचं.

जुलै होता. नळ्या धडाधड दूषित व्हायला लागल्या. सगळ्यांनी पावसाला दोष दिला, मीही दिला. मॅडमनी एक दोनशेपानी वही पुढे केली आणि म्हणाल्या, 'पाऊस रोज पडतो. नळ्या रोज जातात का ते बघ.' मी तारीख, वार, नमुना कुठून आला, किती वाजता आला, सगळं लिहायला लागले. तीन आठवड्यांनी वहीकडे नुसतं पाहिलं तरी दिसत होतं. जात होत्या त्या सोमवारच्या नळ्या.

एका शनिवारी मी एका आरोग्य केंद्रावर जाऊन बसले. दुपारनंतर घेतलेले नमुने टेबलावर, खिडकीपाशी, सोमवार सकाळपर्यंत. मी आगाऊपणाने तिथल्या सिस्टरना विचारलं, 'फ्रिजमध्ये का नाही ठेवत?' त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आजही विसरले नाही. 'तो लसींचा फ्रिज आहे, डॉक्टर. त्यात दुसरं काही ठेवत नाहीत. तुम्हाला शिकवलं नाही का?' त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. दुसरा फ्रिज तिथे नव्हता. मॅडमनी दोन फोन केले, शनिवारी दुपारनंतर नमुने घेणं थांबवलं, आणि पुढचे सोमवार इतर वारांसारखे झाले.

एवढंच. यातून पेपर झाला नाही, कुठे पोस्टरही लागलं नाही. म्हणून पहिल्या वर्षी ही गोष्ट अर्जात घालावी असं मला सुचलं नाही, आणि मॅडमकडे पत्र मागावं असं तर मुळीच नाही. कंत्राटी असिस्टंट प्रोफेसरच्या पत्राला कोण विचारतंय, असं मला चार सीनियर्सनी सांगितलं होतं. मी ते ऐकलं. ही चूक तुमची नाही, माझी आहे.

दुसऱ्या वर्षी मी त्यांच्याकडे गेले. सवयीने म्हटलं, 'मॅडम, ड्राफ्ट आणलाय.' त्यांनी तो हातातही घेतला नाही. म्हणाल्या, 'माझं इंग्रजी तुझ्याइतकं छान नाही. पण काय झालं ते मला आठवतंय.' दहा दिवस घेतले. मध्ये एकदा फोन करून विचारलं, 'ती वही आहे का गं तुझ्याकडे?' वही घेऊन गेले, त्यांनी ठेवून घेतली.

जानेवारीत तीन ठिकाणांहून मुलाखतीला बोलावणं आलं. पहिली मुलाखत आपल्या घड्याळात रात्री साडेबाराला. आई-बाबा आतल्या खोलीत दिवा मालवून जागे. पडद्यावर एक पांढऱ्या केसांच्या बाई आल्या, स्वतःची ओळख करून दिली, आणि पहिलाच प्रश्न टाकला, 'मला त्या सोमवारच्या नळ्यांबद्दल सांगा.'

सर, त्या मुलाखतीत मला माझं कॉलेज किती जुनं आहे ते कुणी विचारलं नाही. मार्क विचारले नाहीत. पुढची वीस मिनिटं आम्ही थुंकी, फ्रिज आणि शनिवार यांवरच बोललो. शेवटी त्यांनी विचारलंच, 'क्लिनिककडे परत जाणार नाही कशावरून?' मी माझा प्रश्न सांगितला. गोवंडीत एका खोलीत सात माणसं राहतात, एकाला क्षय होतो, सहांना होत नाही. संसर्ग झालेल्यांपैकी आयुष्यभरात साधारण ५ ते १० टक्के लोकांनाच आजार होतो. उरलेल्यांचं शरीर नेमकं काय करतं, हे ओपीडीत बसून दिसत नाही, त्याला बेंचच, म्हणजे प्रयोगशाळेतलं टेबलच, लागतं. त्या बाईंनी काहीतरी लिहून घेतलं.

आपल्याला पत्राची ताकद ठाऊक नाही, असंही नाही. २०११ च्या शेवटी छातीच्या विकारांचे डॉक्टर झरीर उडवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं एक छोटं पत्र 'क्लिनिकल इन्फेक्शियस डिसीजेस' या नियतकालिकात आलं. याच मुंबईतले चार रुग्ण, तपासलेल्या सगळ्या औषधांना दाद न देणारा क्षय. केवढी खळबळ उडाली! पुढच्याच मे महिन्यात क्षयरोगाची नोंद देशभर सक्तीची झाली. त्या पत्राचं वजन विशेषणांत नव्हतं. कोणता रुग्ण, कोणती औषधं, काय झालं, यात होतं. शिफारसपत्र तरी याहून वेगळं काय असतं?

आणि बेंच हे काही अमेरिकेतच असतं असं नाही. फिजिऑलॉजीच्या तोंडी परीक्षेत 'बॉम्बे ब्लड ग्रुप' हा दुर्मीळ रक्तगट हमखास विचारतात. 'एच अँटिजेन नसतो' म्हटलं की परीक्षक खूश. तो १९५२ साली याच शहरात डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला आणि 'द लॅन्सेट'मध्ये छापला, हे मात्र मला कॉलेजच्या पाच वर्षांत कुणी विचारलं नाही की सांगितलं नाही.

तुमची बाजू मला दिसत नाही असं समजू नका. दीडशे पेशंटची ओपीडी, परीक्षा, एनएमसीची, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची, तपासणी, चेहरा दाखवून लावायची हजेरी, आणि बॅचला दीडशे-दोनशे मुलं. डिसेंबर आला की प्रत्येकाच्या हातात लिंक. तुम्हाला हे लिहायला कुणी शिकवलं नाही, तुमच्या सरांनीही तुम्हाला 'ड्राफ्ट आण'च सांगितलं असणार. इंग्रजी चुकेल ही धास्ती आमच्याइतकीच तुम्हालाही असते, फक्त तुम्हाला ती बोलून दाखवता येत नाही. आणि विद्यार्थ्याला नाही म्हणायचा तुम्हाला संकोच वाटतो. पण सर, 'तुला मी तेवढं ओळखत नाही, दुसऱ्या कुणाकडे जा' असं तुम्ही त्या दिवशी म्हणाला असतात, तर मी कदाचित एक वर्ष आधीच मॅडमच्या टेबलापाशी पोचले असते. तुमचं ते 'हो हो, अवश्य' मला फार महागात पडलं.

म्हणून मागणं थोडकंच आहे. ज्याला ओळखत नाही त्याला सरळ नाही म्हणा. ज्याला ओळखता त्याच्याबद्दल पाहिलेली एक गोष्ट लिहा, तुमच्या इंग्रजीत, चुका राहू देत. फजितीची असली तरी चालेल, उलट तीच लिहा. आठवत नसेल तर मुलाला समोर बसवून पंधरा मिनिटं विचारा. ड्राफ्ट मात्र मागू नका. तुमच्या हाताखालचा लेक्चरर किंवा लॅबमधला शास्त्रज्ञ त्याला जास्त जवळून ओळखत असेल, तर त्याला लिहू द्या, 'माझी सही का नको?' म्हणून रुसू नका. आणि पासवर्ड इंटर्नला देऊ नका. आम्ही स्वतःला पाच टक्क्यांतच घालतो.

अधिष्ठाता हे वाचत असतील तर एक जाता जाता. आपल्या ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे परदेशी पाठवायच्या गुणपत्रकावर, विषयापुढे नुसते मार्क असतात. एमबीबीएसच्या १९९७ च्या नियमांत ॲनाटॉमीला ६५० तास होते, बायोकेमिस्ट्रीला २४०. आताच्या अभ्यासक्रमातही तास ठरलेले आहेत. ते एका रकान्यात छापले तर समोरच्याला निदान कळेल की आम्ही काय आणि किती शिकलो. मला त्यासाठी खिडकीवर चार चकरा मारून वेगळा दाखला घ्यावा लागला, आणि देणाऱ्या काकांनी विचारलं, 'तास कशाला हवेत? पास आहेस ना?'

मुलाखती झालेल्या तीनपैकी दोन ठिकाणांहून नकार आला. एकीकडून होकार आला, १५ एप्रिलच्या मुदतीच्या आत मी तो स्वीकारला. त्या दिवशी पेढे घेऊन मॅडमकडे गेले. त्यांचं कंत्राट पुन्हा वाढवायचं होतं, त्या फॉर्म भरत होत्या. माझी वही त्यांच्या ड्रॉवरमध्येच होती, नव्या एसटीएसच्या मुलाला दाखवायला ठेवलेली. मी धीर करून म्हटलं, 'मॅडम, पत्रात काय लिहिलं होतंत? एकदा वाचू द्या ना.'

फॉर्मवरून मान वर न करता त्या म्हणाल्या, 'वाचणार नाही म्हणून टिक केलीस ना? मग?'

आपली विद्यार्थिनी